जुन्या इरुपटोल्याचा नकाशा

इरुपटोल्यात कुणाला जंगलात जायचं असलं की आधी श्रावणच्या अंगणात यावं लागे. बांबूतोडीचा ठेकेदार असो, जनगणनेवाला मास्तर असो, नाहीतर डोंगरापलीकडं सोयरीक बघायला निघालेला पाव्हणा असो. "श्रावणभाऊ, वाट दाखवा ना जी," हे शब्द कानावर पडले की श्रावणची छाती बोटभर पुढं येई. मग तो लगेच उठत नसे. आधी तंबाखू मळायचा, आभाळाकडं बघायचा, पायताण झटकायचा आणि मगच म्हणायचा, "चला."

त्याच्या आज्यानं इंग्रज साहेबाच्या काळात सागवानतोडीच्या वाटा पाडल्या होत्या. बापानं त्याच वाटांवरून लाकडाच्या गाड्या हाकल्या. पुढं तोड बंद झाली, गाड्या गेल्या, वाटांवर रान चढलं. पण श्रावणच्या पायाला त्या अजून सापडत. गावात मोटारसायकली आल्या, मोबाईल आले, आल्लापल्लीपर्यंत डांबरी झाली, तरी जंगलातला श्रावण तो श्रावणच. गावातली हीच एक गोष्ट अशी होती की जिच्यात त्याच्या बरोबरीला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडंही तेवढी एकच गोष्ट होती. शेती बेताची, शिक्षण चौथीपर्यंत, गळा गाण्याचा नाही, हात भांडणाचा नाही.

त्याची बायको सोमारी. आश्रमशाळेत सातवी शिकलेली, बोलायला कमी, बघायला जास्त. इतक्या वर्षांत श्रावणला तिचा कधी हेवा वाटला नव्हता. बायकोचा हेवा वाटू शकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

झालं असं की गावानं सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचं ठरवलं. आपल्या वापरातलं जंगल कुठून कुठपर्यंत, हे ग्रामसभेनं दाखवायचं होतं. बाकी सगळ्या बाजूंनी कुणाशी वाद नव्हता. वाद होता तो कोरमेट्ट्याच्या पलीकडच्या खोऱ्याचा. कोरमेट्टा म्हणजे गावामागचा दोन शेंड्यांचा डोंगर. त्याच्या पलीकडं हेटीगुडा. हेटीगुड्याचा पाटील गोपाल म्हणे, खोरं आमचं. इरुपटोल्याचा सगळ्यांत म्हातारा माणूस सुकलू म्हणे, आपलं जुनं गाव त्याच खोऱ्यात होतं. साहेबानं सागवान राखायला आपल्या पूर्वजांना तिथून उठवलं आणि ते डोंगराच्या अलीकडं येऊन वसले. पूर्वजांचे उभे दगड अजून तिथं असतील.

"तू पाह्यले काय ते दगड?" गोपाल विचारी.

"मी नाई पाह्यले. माह्या बापानं पाह्यले होते."

"मंग बापाले आन साक्षीले," असं म्हणून गोपाल हसे.

तेव्हा दाव्याच्या कामात मदत करणारा अश्विन नावाचा वडशाचा पोरगेला माणूस एक जुना नकाशा घेऊन आला. शंभर वर्षांपूर्वी तोडीच्या दिवसांत मोजणीवाल्यांनी काढलेला. डोंगर, नाले, गाडीवाटा, वस्त्या सगळं त्यात होतं. निवडणुकीत उमेदवाराचा फोटो छापतात तसल्या फ्लेक्सवर त्यानं तो मोठा करून छापून आणला होता. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, तो अंथरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि सगळं गाव त्याच्याभोवती उकिडवं बसलं.

कुणालाच काही कळेना. नकाशा वाचायला शिकवायचं म्हणून अहेरीला शिबिर ठेवलं होतं. प्रत्येक गावातून एक बाई, एक बुवा. बुवा कोण, हे विचारायचंच नव्हतं. बाई म्हणून सुकलूनं सोमारीचं नाव घेतलं, कारण सातवी झालेली गावात तीच होती आणि नवऱ्यासोबत जाईल तर कुणाची हरकतही नव्हती.

अहेरीच्या त्या सभागृहात श्रावण मोठ्या ऐटीत पहिल्या रांगेत बसला. अश्विननं फळ्यावर नकाशा लावला आणि तपकिरी रेघांवर बोट ठेवलं. रेघा एकात एक, वेड्यावाकड्या, कुठं दाट, कुठं विरळ.

"श्रावणभाऊ, तुम्ही जंगलातले. सांगा, या काय असतील?"

श्रावणनं बराच वेळ पाहिलं. त्याला तो विंचरून काढलेल्या केसांचा गुंता दिसत होता. "वाटा असतीन," तो म्हणाला.

"वाटा नाहीत. कुणी सांगेल?"

मागून आवाज आला. सोमारीचा. "आमच्या बोडीचं पानी उन्हाळ्यात उतरते. उतरता उतरता काठाले गाळाची रेघ राहते. आठ रोजानं पाह्यलं तं आनखी एक, तिच्या खाली. तशा दिसून राह्यल्या. उभा काठ असला तं रेघा जवळजवळ येते, पसरट असला तं दूरदूर जाते."

अश्विननं नकाशावरचं बोट काढलं. मग त्यानं टाळी वाजवली. "ताई, हे मला शिकायला एक वर्ष लागलं होतं!" सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. श्रावणनंही वाजवल्या. पण त्याच्या नाकाला मिरची झोंबली ती तिथंच.

परतताना बसमध्ये सोमारी मांडीवर नकाशा पसरून बोलत होती. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारी बाई, आता तोंड मिटत नव्हतं. "हा पाहा आपला नाला. हे पाहा कोरमेट्ट्याचे दोन शेंडे. आन मधली खिंड, जिथून तुमी मले माहेरी नेता." श्रावण खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. कापलेल्या धानाची खुंटं आणि विजेचे खांब.

त्यानंतर त्याच्या अंगणाची गंमत झाली. माणसं पहिल्यासारखीच येत, पण श्रावणला रामराम घालून पुढं सरकत. सोमारी ओसरीवर नकाशा अंथरून बसलेली असे. उर्वशी नावाची, गावात नवी लग्न होऊन आलेली सून रोज येई. "काकू, माहं माहेर कुठी आहे दाखवा ना." म्हातारे येत, आपलं शेत शोधत, आणि सापडलं की लहान लेकरासारखे खिदळत. एकदा श्रावण मुद्दाम त्यांच्यात जाऊन उभा राहिला. वाटलं, कुणीतरी विचारेल. सुकलूनं मान वर करून म्हटलं, "श्रावण, सरक ना थोडा, उजेड अडून राह्यला."

श्रावण सरकला. गोठ्यात गेला आणि काही कारण नसताना बैलाला एक ठोसा दिला.

त्यात अश्विनचा फोन. आठवड्यातून दोनदा तरी सोमारीचा फोन वाजायचा. ती पदर खोचून अंगणाच्या त्या टोकाला जायची, जिथं रेंज येते, आणि मोठ्यानं बोलायची. "हो सर. नाई सर, तो नाला नाई, त्याच्या वरचा. हो, पाह्यलं मी."

"काय म्हनत होता?" श्रावण विचारी.

"नकाशाचं."

"रोज रोज काय नकाशाचं?"

ती हसायची. वाईट हसणं नव्हतं ते, पण श्रावणला वाटे, हिला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त कळलंय आणि म्हणून ही हसतेय. त्याला जेवण गोड लागेना. भाताचा घास घेताना सुद्धा त्याच्या मनात चाले, की जंगल पायानं तुडवलं मी, काटे निघाले माझ्या तळव्यातून, अस्वलासमोरून जीव घेऊन पळालो मी, आणि ही ओसरीवर बसून बोट फिरवते तर सगळे हिच्या तोंडाकडं बघतात.

आणि मग सोमारीला ते गाव सापडलं. कोरमेट्ट्याच्या पलीकडं, जिथं नाला दोन फाट्यांत फुटतो, तिथं डाव्या फाट्याच्या वळणावर बारीक पोकळ चौकोन होते. शेजारी इंग्रजीत दोन शब्द. तिनं फोटो काढून अश्विनला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. एक शब्द म्हणजे उजाड गाव, आणि दुसरा, साहेबी जिभेनं मोडलेला असला तरी, इरुपटोला.

सुकलूनं ते ऐकलं आणि बराच वेळ डोळ्यांवर पंचा धरून बसला. गोपालला निरोप गेला. नुसत्या कागदावर गोपाल ऐकणाऱ्यातला नव्हता. पण तिथं खरंच इरुपटोल्याच्या पूर्वजांचे दगड असले तर खोऱ्यावरचा हट्ट सोडीन, असं त्यानं चार माणसांत कबूल केलं. दिवस ठरला. हेटीगुड्याची माणसं, इरुपटोल्याची माणसं, अश्विन, सगळे मिळून जायचं.

"पुढं श्रावण," सुकलू म्हणाला, "आन संगं सोमारीचा नकाशा."

त्या दिवशी खिंडीपर्यंत श्रावण खुशीत होता. धुकं होतं, पानांवरून दव टपकत होतं, आणि मागं दोन गावांची माणसं त्याच्या पावलावर पाऊल टाकून येत होती. म्हाताऱ्या सुकलूला दोघं धरून आणत होते. खिंडीत सगळे टेकले. खाली खोरं पसरलं होतं. अश्विन पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि विचारलं, "ताई, आता कुठून?"

ताई. श्रावण हातभर अंतरावर उभा होता आणि विचारलं ताईला.

सोमारीनं बोट दाखवलं. "खाली उतरून नाल्यानं. फाटा लागला की डावीकडं."

श्रावणला तो फाटा माहीत होता. डावीकडचं अंगही त्यानं एकदा पाहिलं होतं, वरून, कड्यावर मधाचं पोळं काढताना. खाली सपाटी होती, मोठाली मोहाची झाडं होती. तो कधी उतरला नव्हता. तिकडं उतरू नये, जागा बरी नाही, असं बाप सांगे. दगड होते की नाही ते त्याला वरून दिसलं नव्हतं. पण आता, नाल्यातून चालता चालता, त्याच्या मनात लख्ख आलं की नकाशा खरा आहे. अजून थोडं चाललं की सोमारी जिंकणार. दोन्ही गावं तिचं नाव घेणार. आणि श्रावण कोण? तिला तिथवर घेऊन येणारा गडी.

फाट्यावर तो थांबला. डाव्या बाजूनं पाणी खळखळत येत होतं. त्यानं उजवीकडं हात केला.

"इकडून जा लागते."

"पण नकाशात डावीकडे आहे," अश्विन म्हणाला.

"नकाशा शंभर वर्साचा आहे सर. डावीकडं दरड कोसळली आहे पुढं. वाट बंद. उजवीकडून वळसा घालून जाऊ."

एक दिवस नकाशा खोटा पडू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. उद्या मीच सगळ्यांना घेऊन येईन डावीकडून. गावाचं काही जात नाही. नुसता एक दिवस.

सगळ्यांच्या नजरा सोमारीकडं वळल्या. तिनं डावीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. ती नजर श्रावणला झेलवली नाही. तो वाकून पायातला नसलेला काटा काढू लागला. सोमारीनं नकाशाची घडी घातली.

"यायले मालूम आहे जंगल," ती म्हणाली. "यायच्या मागं जाऊ."

उजव्या फाट्याला नुसते धोंडे आणि काटेरी वेली होत्या. ऊन डोक्यावर आलं. सुकलूची दमछाक झाली. एका कातळाशी नाला संपलाच. वर सरळ भिंत. ना गाव, ना दगड, ना मोहाचं झाड. "वळसा इथंच येते, नकाशातली जागा हीच," श्रावण म्हणाला.

गोपाल खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "बाई, इतल्या दूर आनलं! सैपाक करताना हा नकाशा चुलीत घाला, सरपन तरी होईन." हेटीगुड्याची माणसं हसली. इरुपटोल्याचीही एकदोन हसली, आणि तेच सोमारीला जास्त लागलं असावं. तिचे कान लाल झाले होते.

श्रावणच्या आत थंड पाण्याचा एक घोट उतरला. कितीतरी दिवसांनी. पण तो घोट गळ्यातच राहिला. कारण हसणं थांबेना. गोपाल सोमारीची नक्कल करायला लागला, हवेत बोट फिरवून, मान वाकडी करून. आणि सुकलू धोंड्यावर बसून म्हणत होता, "म्हनजे नव्हतंच काय? माहा बाप खोटं बोलला काय?" कुणाला उद्देशून नाही, नुसतंच.

"चला," गोपाल उठला. "आता आमी पुन्हा येनार नाई. गावात मंडईची जत्रा आहे, वडशाची नाटककंपनी येऊन राह्यली. खोरं आमचंच आहे, विषय संपला."

संध्याकाळी घरात चूल पेटली, भात झाला. सोमारीनं ताट पुढं सरकवलं आणि समोर बसली. जेवली नाही.

"दरड नव्हती," ती म्हणाली.

श्रावणनं घास तसाच धरला.

"पानी मोकळं वाहून राह्यलं होतं. दरड असती तं गढूळ आलं असतं, थांबत थांबत आलं असतं. मले डोळे आहेत."

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? हेटीगुड्याच्या लोकायसमोर म्हनू, माहा नवरा लबाड आहे? तुमची लाज राखली. आज राखली. पुढच्या येळेस राखनार नाई, आताच सांगून राह्यली मी."

श्रावणचा संताप वर आला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला येतो तसाच. "तुले त्या सराचं लय कवतिक आहे. ताई ताई करते तो, आन तू—"

सोमारीनं हातातली पळी खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली.

"सराले मधात आनू नोका. तुमाले सराचा राग नाई. माहा राग आहे. मले आलं आन तुमाले नाई आलं, याचा."

श्रावणनं हातातला घास ताटात ठेवला. इतके दिवस पोटात जे जळत होतं, ते तिनं चुलीतल्या निखाऱ्यासारखं उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि पाठ करून जेवली.

सकाळी तो कुणाला न सांगता निघाला. खिंड, नाला, फाटा. डावीकडं वळला. थोडं अंतर पाण्यातून, मग एक वळण, आणि वळणावर नाला रुंद झाला आणि सपाटी लागली.

मोह इतके मोठे होते की दोघांच्या कवेत मावले नसते. त्यांच्याखाली, वाळल्या पानांत, दगड उभे होते. काही सरळ, काही कलंडलेले, एक पुरा आडवा. बाजूला अर्धं फुटलेलं जातं. पलीकडं कुऱ्हाडीनं तोडलेल्या सागाचे जुने, कुजलेले बुंधे, आणि त्यांच्या मुळांतून फुटून वर गेलेली आजची झाडं. श्रावणनं पायताण काढलं. फडक्यात बांधून आणलेल्या भातातला थोडा पानावर ठेवला, दगडांपुढं. बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. त्याच्या पुढची नावं त्याला माहीत नव्हती, म्हणून नुसता हात जोडून बसला.

आणि खरं सांगायचं तर, तिथं बसल्या बसल्या सुद्धा त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मी जाऊन सांगणार. मी हुडकलं. नकाशा हाती न धरता.

तसंच झालं. दुपारी गोटुलासमोर त्यानं सांगितलं आणि गाव उसळलं. कुणी त्याला मिठी मारली, कुणी पाठीवर थाप दिली. "नकाशावाल्यायले जे नाई जमलं, ते श्रावणनं केलं!" "पुस्तकापेक्षा पाय बरे भाऊ!" सुकलू थरथरत आला आणि त्यानं श्रावणच्या डोक्यावर हात ठेवला. श्रावणला वाटलं, झालं, आपली जागा परत मिळाली. किती गोड लागत होतं सगळं.

तेवढ्यात त्याला सोमारी दिसली. डोक्यावर तणसाचा भारा घेऊन ती गर्दीच्या मागं उभी होती. भारा खाली ठेवायचं तिच्या लक्षात नव्हतं. तिचे ओठ मिटलेले, गाल आत ओढलेले, आणि डोळे त्याच्या पाठीवर पडणाऱ्या प्रत्येक थापेबरोबर बारीक होत होते. श्रावणनं तो चेहरा झटकन ओळखला. कसा नाही ओळखणार? गेले दोन महिने तो चेहरा तो स्वतः घेऊन हिंडत होता. ओसरीवर उजेड अडवून उभा असताना असाच दिसला असणार तो.

हिलाही जळतं, त्याला वाटलं. हिच्याही पोटात अगदी तिथंच, तसंच. आणि हे जळणं तिच्या हक्काचं होतं. त्याचं नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. कुणी थांबेना. मग तो ओरडला, "अरे थांबा ना! मी नाई हुडकलं."

आवाज बंद झाले.

"नकाशात होतं ते. जिथं सोमारीनं बोट ठेवलं, तिथंच आहे. डावीकडंच. काल मले मालूम होतं. दरड नाई ना काई नाई. मी जानून उजवीकडं नेलं."

"काऊन?" सुकलूनं विचारलं. त्याचा हात अजून श्रावणच्या डोक्यावर होता.

श्रावणला बरीच कारणं सांगता आली असती. "तिले सगळे विचारत होते," तो म्हणाला. "मले कोनी विचारत नव्हतं."

कुणी हसलं नाही. सुकलूनं हात काढून घेतला. म्हातारा रागावला की ओरडत नसे, आवाज खाली नेत असे. "मले काल वाटलं, माहा बाप लबाड होता. पुरा दिवस वाटलं मले तसं, तुह्या पायी." मग तो गावाकडं वळला. "यानं बिघडवलं, यानंच नीट करावं. हेटीगुड्याले जाईन हा. गोपालच्या दारात उभा राहीन, सांगीन काय केलं ते, आन त्याले घेऊन येईन."

श्रावण गेला. गोपाल मंडईच्या मांडवात होता. नाटकाचा पडदा बांधणं चाललं होतं, भोवती निम्मं गाव. श्रावणनं सगळ्यांदेखत सांगितलं. गोपालनं त्याला दोनदा सांगायला लावलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. "म्हनजे बायकोवर जळला तू?" तो म्हणाला, आणि मांडव असा हसला की नाटकवाले सुद्धा काम सोडून बघायला आले. श्रावणनं मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटली, पण घातली नाही. अखेर गोपालला हसून हसून दम लागला. "ये भाऊ, बस," तो म्हणाला. "माहा लहाना भाऊ सरपंच झाला तवा मी महिनाभर त्याच्या घरचं पानी नाई पेलो. मंडई होऊ दे. येतो."

दुसऱ्या वेळी सोमारी पुढं होती. श्रावण सुकलूला धरून मागं. फाट्यावर ती थांबलीही नाही, वळून नवऱ्याकडं पाहिलंही नाही. सरळ डावीकडच्या पाण्यात शिरली. दगडांपाशी सुकलू खाली बसला आणि एकेका दगडाला हात लावत गेला. गोपाल दगडांभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "आमच्या घरी म्हनत होते, मोहाखालच्या गोट्यायले हात लावू नोका, ते आपले नोहे. कोनाचे, ते नव्हते सांगत." तिथंच, मोहाखाली बसून, हद्द ठरली. खोरं इरुपटोल्याचं, मोहाची फुलं दोन्ही गावांनी वेचायची. गोपालनं सही केली, आणि पेन सोमारीच्या हातात दिलं.

त्यानंतरही श्रावण-सोमारी काही लगेच गुळासारखी गोड झाली नाहीत. ती त्याच्याशी कामापुरतं बोले. एकदा त्यानंच ओसरीवर नकाशा ओढला आणि म्हणाला, "हे दाखव बरं, कसं पाहते तू." तिनं दाखवलं. त्याला अर्धं कळलं, अर्धं कळल्यासारखं केलं. तिला ते ओळखता आलं. ती हसली, आणि या वेळी त्यालाही हसू आलं. पण रात्री त्याला वाटलंच की आपण वाट पायानं शिकलो तशी ही डोळ्यानं शिकली, आणि डोळ्यानं शिकणं लवकर होतं, हे काही बरोबर नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला चंद्रपूरला मोठं शिबिर भरलं. आता शिकायला नाही, शिकवायला बोलावलं होतं सोमारीला. श्रावण तिला आल्लापल्लीला बसवर सोडायला आला. बसमध्ये दुसऱ्या गावांच्या बाया आधीच बसल्या होत्या. त्यांनी तिला हाका मारून खिडकीपाशी जागा दिली, आणि बसता बसताच त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. श्रावण खाली उभा. बस हलली तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं.

"कोंबड्या झाकून ठेवसान! आन बैलाले मारू नोका!"

त्याला वाटलं होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. बस वळणाआड गेली. तो टपरीवर येऊन बाकावर बसला. चहावाला ओळखीचा होता. ग्लास पुढं ठेवत त्यानं विचारलं, "बाई कुठी गेल्या भाऊ?"

"चंद्रपूरले. नकाशे शिकवायले," श्रावण म्हणाला. बोलताना त्याची छाती बोटभर पुढं आली, आणि त्याच वेळी पोटात कुठंतरी बारीक चिमटाही बसला.

"अन् तुमी?"

श्रावणनं चहाचा घोट घेतला. गरम होता. "मी इथीच आहे," तो म्हणाला, आणि आणखी साखर मागितली.